विरा, माइना

जेनोव्हा,
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०१३

प्रिय इनेस,

तू बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या रोझान्नाची पाठ आता कशी आहे? तिला म्हणावं, सगळी धुणी एकाच दिवशी काढू नकोस. माझं ठीक चाललं आहे. गुडघ्यांना चार जिने झेपत नाहीत, म्हणून दिवसातून एकदाच खाली उतरतो आणि सगळी कामं उरकूनच वर येतो. डॉक्टरने मीठ बंद केलं आहे. खालच्या मजल्यावरची म्हातारी बाई गेल्या महिन्यात वारली. तिच्या जागी दोन विद्यार्थी आले आहेत, ते जिन्यात सायकली ठेवतात आणि मी त्यांना काही बोलत नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. नाताळला फोन करतो, तेवढ्यावर आपलं भागतं. पण फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्ये बोलतेस, तू बोललीस की मी थांबतो, आणि थांबलो की आणखी एक वर्ष निघून जातं. म्हणून या वेळी लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून ठेवून देऊ नकोस, एवढीच विनंती.

रोझान्नाची इलारिया शनिवारी येऊन गेली. पोरगी मोठी गोड आहे, आणि तिची हनुवटी थेट तुझी आहे. तू दिलेलं पाकीट दफनभूमीच्या कचेरीत द्यायचं म्हणून ती आली, आणि शनिवारी कचेरी बंद असते हे तुम्हा किआव्हारीकरांच्या ध्यानात आलं नाही. मग ती म्हणाली, आलेच आहे तर बार्बा, मला बंदर दाखव. आईचा मामा, म्हणून तीही मला बार्बाच म्हणते. मी म्हटलं, बंदर आता तिकडे पश्चिमेला गेलं, इथे उरली ती जत्रा आहे. ती म्हणाली, मग जत्रा दाखव.

निघालो दोघं. तू तिकडे वीस वर्षांत फिरकली नाहीस, म्हणून सांगतो. कुंपण नाही, फाटक नाही, चौकीतला शिपाई नाही. जिथे आपण पोरं असताना जाळीला नाक लावून बोटी पाहत होतो, तिथे ताडाची झाडं लावली आहेत. एक लाकडी गलबत बांधून ठेवलं आहे, आत जाऊन लोक फोटो काढतात. काचेचा एक मोठा गोळा आहे, त्यात गरम देशातली झाडं आणि पाखरं ठेवली आहेत. मत्स्यालयापुढे दीड तासाची रांग होती. इलारिया रांगेत उभी राहून अखंड बोलत होती. ऊन फार, तिकीट महाग, पुढचे जर्मन फार हळू चालतात, कॉफी पाण्यासारखी. माझ्याकडे वळून म्हणाली, “बार्बा, तू जेनोव्हाचाच ना? मग तू कुरकुर का करत नाहीस?”

मी हसलो. आजोबा सांगायचे ते तुला आठवत असेल, की जुन्या काळी आपले खलाशी बोटीवर चढण्याआधी विचारायचे, करार कुरकुरीसकट आहे की कुरकुरीवाचून? कुरकुरीसकट असेल तर पगार कमी, तरी सगळे तोच घ्यायचे. मी तर अख्ख्या गोदीत कुरकुरीसाठी नावाजलेला होतो. हमालांच्या टोळीत लोक जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसायचे, आज लुइजीन कुणाची सालटी काढतो ते ऐकायला. तूच एकदा ड्रियाला म्हणाली होतीस, माझ्या भावाला स्वर्गात घेतलं तरी तो म्हणेल ढग ओले आहेत. ड्रिया ते टोळीत सगळ्यांना सांगत सुटला होता. पुढे मी कुरकुर सोडली. लोकांना वाटलं, मेहुणा ड्रिया गेल्याच्या दुःखाने सोडली. तुलाही तसंच वाटलं असेल.

मासे पाहिले. डॉल्फिन पाहिले. पोरीने पेंग्विनांपुढे अर्धा तास काढला. मला तिथल्या अंधाराचा आणि निळ्या उजेडाचा त्रास होत होता, पण सांगितलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसलो, तिने कांदा घातलेला फोकाच्चा पाव आणला, आणि तेलकट हातांनीच ते पाकीट पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. सोमवारी तूच देऊन टाक म्हणाली. आत काय आहे विचारलं तर तिने सरळ सांगितलं. दफनभूमीतल्या ड्रियाच्या कोनाड्याची भाड्याची मुदत या महिन्याच्या एकतीस तारखेला संपते. त्याच्या अस्थी किआव्हारीला तुझ्यासाठी राखलेल्या कबरीत घ्यायच्या की सार्वजनिक खड्ड्यात टाकायच्या, हे बायकोने लिहून द्यायचं असतं. आणि तू लिहून दिलंस की खड्ड्यात टाका.

मी विचारलं, आजी काय म्हणाली? पोरीने रुमालाला बोटं पुसली. मग म्हणाली, “आजी म्हणाली, सहा वर्षांची पोर घरात असताना सकाळी दहाला पिऊन कामावर मरणाऱ्या माणसाशेजारी मला झोपायचं नाही. म्हणाली, लोकांनी सांगितलं म्हणून नाही म्हणत, त्याच्या कोटाला मी स्वतः वास घेतला होता.”

उरलेला फोकाच्चा मी कागदात गुंडाळून ठेवला. 

इलारियाला वाटलं मी तुझ्या बोलण्याने दुखावलो. माझी समजूत घालायला म्हणून ती मला त्या वर जाणाऱ्या पाळण्यात घेऊन गेली. तो पाळणा तू पाहिला नाहीस. पाण्यातून आठ-दहा पांढरे खांब तिरपे वर काढले आहेत, थेट आमच्या माल उचलायच्या क्रेनसारखे, आणि त्यातल्या एकाला गोल काचेची खोली टांगली आहे. माणसं भरतात, वर नेतात, शहर दाखवतात आणि खाली आणतात. कुठल्याशा हुशार माणसाला ते सुचलं असेल. मी गेली वीस वर्षं त्या बाजूची वाट टाळतो, बाजाराला सुद्धा वरच्या गल्लीतून जातो.

दार लागलं. रेकॉर्डवरची बाई तीन भाषांत बोलायला लागली. खाली हादरा बसला आणि आम्ही उचलले गेलो. इनेस, माझ्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तो मी म्हणतो आहे हे मला कळलंही नाही. सगळी माणसं वळून पाहायला लागली तेव्हा कळलं. मी ओरडत होतो, माइना, माइना, माइना.

एक बाई हसली. इलारियाने माझा दंड धरला आणि विचारलं, माइना म्हणजे काय? मी सांगितलं, हमालांचा शब्द आहे. विरा म्हणजे उचल, माइना म्हणजे उतरव. मला उंचीची भीती वाटते, म्हणून ओरडलो. तिने विश्वास ठेवला. गोदीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला उंचीची भीती. तुझ्या घरातल्या सगळ्यांनीच माझ्यावर नेहमी विश्वास ठेवला.

वरून सगळं दिसत होतं. कापसाची गोदामं तशीच उभी आहेत, आत आता सिनेमा आणि दुकानं आहेत. त्यांच्यापुढे धक्क्यावर, जिथे अकरा मार्च अडुसष्टला ती इजिप्तहून आलेली बोट लागली होती, तिथे आइस्क्रीमची गाडी उभी होती. आता लिहितो. आणखी लांबवलं तर हेही पत्र राहून जाईल.

त्या दिवशी ड्रिया बोटीच्या पोटात होता, कापसाच्या गाठींना दोर लावत. क्रेन बाचीचा नावाचा माणूस चालवत होता. त्याला आतलं काही दिसत नसे, तो फक्त माझ्या आवाजावर चालायचा. मी डेकवर, त्या पोटाच्या तोंडाशी उभा, वाकून खाली पाहायचं आणि ओरडायचं, विरा किंवा माइना. त्या जागेवर उभ्या माणसाने तोंडातून तिसरा शब्द काढायचा नाही, हा गोदीचा पहिला नियम. आणि ते दोन शब्द उगाच तर मुळीच उच्चारायचे नाहीत. नवशिक्याला सुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात.

दहा वाजता मुकादम ट्राव्हेर्सो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, येत्या रविवारी पण यायचं आहे. माझं डोकं फिरलं. मी त्याच्याकडे तोंड केलं, ड्रियाकडे पाठ केली आणि टोळीला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणालो, “सकाळपासून घसा फुटेस्तोवर विरा, माइना, विरा, माइना, आणि वर रविवारही तुमच्या बापाचाच का?”

बाचीचाने पहिलाच विरा ऐकला आणि उचललं. त्याची काही चूक नाही. त्याने तेच करायचं असतं. ड्रियाचा दोर अर्धाच बसला होता. पाच गाठी माणसाच्या दुप्पट उंचीवर गेल्या आणि सुटल्या. मी माइना ओरडायला हवं होतं. मला वेळ होता, इनेस, दोन श्वासांचा तरी होता. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही.

चौकशीत मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. ड्रिया पिऊन आला होता, खुणेची वाट न पाहता त्याने हात घातला. बाचीचाला वाटत होतं की आपणच चुकीचं ऐकलं, त्याला पाच मुलं होती. मी स्वतःला सांगितलं, मी त्याला वाचवतो आहे. ते अर्धं खरंही होतं. ट्राव्हेर्सोने सगळं ऐकलं होतं, पण खोळंबा न होता बोट रिकामी व्हावी एवढंच त्याला हवं होतं. आता दोघंही गेले. बाचीचा शेवटपर्यंत दर वर्षी अकरा मार्चला माझ्याकडे यायचा आणि कॉफी पिऊन जायचा. त्यालाही मी सांगितलं नाही.

तू तेव्हा माझे हात धरून म्हणाली होतीस, लुइजीन, बाकी सगळे मला फसवायला बघतात, तू एकट्याने खरं सांगितलंस. त्यानंतर अकरा वर्षं मी दर शनिवारी तुझ्याकडे कोळसा आणि पीठ घेऊन आलो. तू शेजारणींना सांगायचीस, माझा भाऊ देवमाणूस आहे. तुझ्या भिंतीवरून ड्रियाचा फोटो उतरला, तो मीच खिळ्यावरून काढून दिला. रोझान्नाला बापाबद्दल विचारायची बंदी झाली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर खाली मान घालून बसलो होतो. तुम्ही किआव्हारीला गेलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही खरंच लिहितो आहे.

काल, सोमवारी, मी पाकीट घेऊन कचेरीत गेलो. नंबर घेतला, बसलो, नंबर आला. कारकुनाला म्हटलं, अस्थी मी घेतो, कुठे सही करू? त्याने विचारलं, तुम्ही मृताचे कोण? मेहुणा, मी म्हटलं. तो म्हणाला, “मेहुण्याचं चालत नाही. बायको हवी, नाहीतर मुलगी.” मी वाद घातला नाही. पाकीट खिशात घालून परत आलो. ते या पत्रासोबत ठेवलं आहे, उघडलेलं नाही. अस्थी घेण्यासाठी कचेरीने दिलेला कोरा अर्जही सोबत आहे. एकतीस तारखेच्या दुपारी एकपर्यंत कोणताही एक कागद दिलास तरी चालतं. काय करायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. रोझान्नाला आणि पोरीला सांगायचं असेल तर सांग. पत्र त्यांना वाचायला दिलंस तरी माझी ना नाही.

इथे थांबलो असतो तर तुझ्या मनात एक गोष्ट राहिली असती. तू म्हणशील, लुइजीन म्हातारा झाला, मेल्या माणसाला सोडवायला आता स्वतःवर घेतो आहे, कारण वास तर मी स्वतः घेतला होता. तू खोटं बोलत नाहीस. वास होताच.

ड्रिया त्या दिवशी प्यायला नव्हता. सकाळी तो माझ्याकडे आला होता, दूध-कॉफी घेतली, रोझान्नाचा दात पडल्याचं सांगत होता. गाठी पडल्यावर पोटात सगळ्यांत आधी मी उतरलो. वरून ट्राव्हेर्सोने विचारलं, याने घेतली होती का? तेवढंच विचारलं त्याने. माझ्या जेवणाच्या पिशवीत माझी बाटली होती. ती मी त्याच्या कोटावर ओतली. तो तेव्हा जिवंत होता की नव्हता, हे मला सांगता येत नाही, कारण मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

माफ कर असं लिहिणार नाही, माफी मागायचा मला हक्क नाही. उत्तराची वाट पाहणार नाही असंही लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

ज्याला तू देवमाणूस म्हणालीस तो,
लुइजीन