पहिल्या पानावरचं नाव

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. मीही आता जुनी पुस्तकंच विकते. हसू नका. तुम्ही बर्डीच्या बाजारात फुटपाथवर पोतं अंथरून बसायचात, मी घरी बसून मोबाईलवर विकते, एवढाच काय तो फरक.

वाडीच्या गोदामात रद्दीचे गठ्ठे उतरतात. मी तिथे उकिडवी बसून एकेक पुस्तक पालथं करते. मागच्या कव्हरावर काळ्या रेघांची चौकट असते, तिच्यावर मोबाईल धरला की टुंग वाजतं आणि पुस्तकाला मागणी आहे की नाही ते दिसतं. हिरवं आलं तर घ्यायचं, लाल आलं तर परत गठ्ठ्यात. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही शिवण बघायचात, वास घ्यायचात, आणि सगळ्यात आधी पहिलं पान उघडून कुणाचं नाव आहे ते वाचायचात. मग ते पान ब्लेडनं सफाईनं कापायचात.

माझ्या नावाचं पानही तसंच कापलंत. बारावी तेव्हा नवीनच सुरू झाली होती आणि जीवशास्त्राचं पुस्तक बाजारात कुठेच मिळत नव्हतं. माझ्या पुस्तकात समास भरून पेन्सिलीच्या आकृत्या होत्या. परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि कॉलेजातून येते तर फळीवर पुस्तक नाही. मी शेगडीपाशी बसून हमसून हमसून रडतेय आणि तुम्ही शांतपणे भाकर मोडताय. "काहून रडून राहिली वं? गेलं ते. गिऱ्हाईक घेऊन गेलं, आता कुठून आणू? अन् तुले कोणतं डाक्टर व्हायचं हाये!" व्हायचं होतं बाबा. तेच तर व्हायचं होतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

दोन दिवसांनी तुमचा डबा घेऊन बर्डीवर आले, तर तुम्ही पत्र्याच्या पेटीतून माझं पुस्तक काढून एका बाईंच्या हातात देत होतात. म्हणजे मी रडत होते तेव्हा ते पेटीतच होतं! डबा ठेवला आणि मुकाट परत फिरले. जीवशास्त्रात नापास झाले, आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न उरकून टाकलंत.

परवा दारात एक मुलगी आली. रद्दीवाल्याकडून पत्ता काढून जरीपटक्याहून सायकलनं, घामाघूम. "काकू, भावानं माझं पुस्तक रद्दीत देऊन टाकलं. आठ दिवसांनी परीक्षा आहे न. सगळ्या नोट्स त्यातच आहेत. पहिल्या पानावर माझं नाव आहे, पाहा न जी." मी पहिलं पान उघडलंच नव्हतं. मोबाईलला मागची बाजू पुरते. त्या पुस्तकाला हिरवं आलं होतं, पुण्याहून कुणीतरी मागवलंही होतं, आणि आलेली ऑर्डर रद्द केली की मोबाईलवरच्या माझ्या दुकानाचे तारे कमी होतात.

"गेलं ते," मी म्हणाले. "गिऱ्हाईक घेऊन गेलं, आता कुठून आणू?"

ती मान खाली घालून जिना उतरली. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

हे पत्र तुमच्याच पेटीत टाकून ठेवीन, ती पेटी अजून मी वापरते. जन्मभर तुम्हाला मनातल्या मनात खोटारडे म्हणत आले, म्हणून एवढं तुम्हालाच सांगते. पुस्तक आत टेबलावर होतं, बाबा. खाकी कागदात बांधून ठेवलेलं.