रिकामी मात्रा

बाई, तुमच्यावर माझा संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गुरुपौर्णिमेला तुमच्या फोटोला न चुकता हार घालते, पण संशय काही जात नाही. येत्या रविवारी माझ्या विद्यार्थिनी तुमची ती सकाळच्या रागातली बंदिश गाणार आहेत. ती कुणाची, हे माइकवर मला सांगायचंय. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

फुलंब्रीहून आई मला एसटीनं तुमच्याकडे आणायची. तास संपेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात बसून तुमच्या घरच्या शेंगा फोडायची. रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. हात चालू लागले की गळाही चालायचा. कापूस वेचतानाचं गाणं. तिला दमा होता, त्यामुळं दुसऱ्या ओळीत ती मधेच थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढं. गावातल्या बाकीच्या बाया ती ओळ सलग म्हणायच्या. एके दिवशी तुम्ही तंबोरा खाली ठेवलात. "अहो, तुमचं ते शेतातलं गाणं शेतातच राहू द्या. पोरीचा सूर बिघडतो." आई म्हणाली, "चुकलं बाई," आणि ओठ मिटून शेंगा फोडत राहिली. मला इतकी लाज वाटली! तुमची नाही, तिची.

दोन वर्षांनी तुम्ही नवी बंदिश शिकवायला घेता. शब्द हिंदी, शेवटच्या ओळीत तुमचं टोपणनाव. दुसऱ्या ओळीत मधेच एक मात्रा रिकामी. मी ती आलापानं भरते आणि तुम्ही माझ्या मांडीवर फटका मारता. "मोकळीच ठेवायची ती. सगळं सौंदर्य तिथंच आहे." कसलं सौंदर्य, बाई? तो माझ्या आईचा दमा होता! मोठमोठे गवई लोकांच्या चाली घेतच आले, विहिरीचं पाणी कुणा एकाचं नसतं, असं तुम्हीच सांगायचात. मान्य. चाल गावाची असेल. पण ती थांबायची जागा? ती तिची एकटीची होती. कधी वाटतं, योगायोग असेल. मग वाटतं, तुम्ही तिला गप्प केलंत, ते चाल घेऊन झाल्यावर तर नाही ना?

आता आईही नाही. तिच्या गाण्याचे शब्द मला आठवत नाहीत. चाल आठवते, तीसुद्धा तुमच्या शब्दांत. रविवारी तिचं नाव घ्यायचं असं रोज ठरवते आणि रोज जीभ रेटत नाही. त्याचं कारण तुम्ही नाही, बाई. ते लिहिते आणि हा कागद तुमच्या जुन्या वहीत घालून कपाट लावून टाकते.

बंदिश शिकवलीत त्या दिवशी परतीच्या एसटीत आईनं हळूच विचारलं, "बाईंचं आजचं गाणं... आपलंच हाय नव्हं?" मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाय गं. तो राग हाय. तुला नाय कळायचं."

"व्हय का," ती म्हणाली. त्यानंतर तिनं ते गाणं घरीसुद्धा कधी म्हटलं नाही.