तुमचं विमान काल सुटलं

अहो,

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. संसारात तुम्ही रत्नागिरी सोडून कुठे गेलाच नाहीत, मग पत्र लिहायचं कधी? एकदा काय ते बोटीने मुंबईला गेलात, तेही मी शाई शोधेपर्यंत परत आलात. आज लिहायला बसले, कारण काल तुमचं विमान सड्यावरून, त्या कड्यालगतच्या कातळमाळावरून, सुटलं. ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटत नाही.

दमले आहे मी. काल सकाळपासून उन्हात उभी होते, पण हा थकवा काही कालचा नाही.

गेल्या आठवड्यात मुंबईची बोलपटवाली मंडळी इथे उतरली. त्यांचा मॅनेजर घर विचारत विचारत आला. "विमानवाले ड्रॉइंग मास्तर इथेच राहतात ना?" मी म्हटलं, राहत होते. दोन पावसाळे झाले, विषमज्वराने गेले. बिचाऱ्याने डोक्यावरची हॅट काढली. म्हणाला, तुमची पत्रं त्यांच्या ऑफिसात इतकी येत की कारकून मोठ्याने वाचून हसत, त्यामुळे पत्ता सगळ्यांना पाठ झाला होता. वाईट वाटलं. पण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पाठ झाला होता ना?

त्यांच्या चित्रात एक विमान कड्यावरून समुद्रात पडतं. पुठ्ठ्याचं करण्यापेक्षा खरं मिळालं तर हवं होतं. "मोडेल हां बाई, परत नाही मिळायचं," असं त्याने आधीच सांगितलं. मी हो म्हटलं. ते ठेवलंय त्या मांगराचं छप्पर येत्या पावसात बसणारच आहे. मी एकटी त्या धुडाला किती जपणार?

किती हौसेने केलं होतंत ते! मासिकातलं चित्र मोठं करून भिंतीवर काढलंत, आणि होड्या बांधणाऱ्या भिकू सुताराला बोलावून आणलंत. तुम्ही बारीक फळ्या काढायला सांगितल्या तर भिकू ऐकेना. "मास्तर, फळी बारीक नको हां. लाट बसली तर उसवंल." तुम्ही म्हणालात, अरे, आभाळात लाट कुठली? "मग वर वारा न्हाय काय?" झालं, तेही तुम्हाला पटलं. दोघांनी मिळून अशी भक्कम होडी बांधलीत की तिला पंख तेवढे लावायचे राहिले. शिडाच्या कापडाचे ते पंख मी शिवले आणि भाताच्या पेजेची खळ दिली. बोटांना आठवडाभर आंबूस वास येत होता. मोडक्या सर्व्हिस मोटारीचं इंजीन बसलं त्या दिवशी तुम्ही जेवलाच नाहीत.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. एकेकाला नाद असतो.

पण नवी होडी नारळ फोडल्याशिवाय पाण्यात ढकलत नाहीत, तर विमानालाही नारळ हवा, असं तुमच्या मनाने घेतलं. तेही ठीक. पण तो नारळ फोडायला सिनेमातली नटीच हवी, हे कुठून काढलंत? "नुसतंच उडवलं तर बघणार कोण? भाट्याचे मासेवाले?" नटी आली की कॅमेरा येईल, कॅमेरा आला की मुंबईच्या पडद्यावर तुम्ही दिसाल, असा तुमचा हिशेब. चष्मा, चामड्याची टोपी घालून फोटो काढलात आणि तेव्हाच्या एका गाजलेल्या नटीला पाठवलात. उत्तर नाही. मग मुंबईला गेलात, स्टुडिओच्या दरवाज्यावरच्या पठाणाशी बोलून परत आलात, आणि मला म्हणालात, "कळवतो म्हणालेत."

दर वर्षी दिवाळी झाली की सड्यावरचं गवत वाळे; तिथून कड्यापर्यंत धावून समुद्रावर झेपावायचं, असं तुमचं ठरलेलं. तुम्ही विमान मांगरातून बाहेर काढायचात, तेलपाणी करायचात. पाहुणे येणार म्हणून मी रव्याचे लाडू वळायचे. यंदा नक्की येईल, असं तुम्ही शाळेत सांगून ठेवायचात. मग आंबे संपायचे, आभाळ भरायचं, आणि भिकूला हाक मारून विमान पुन्हा आत ढकलायचात. लाडू शेजारची मुलं खायची. मुलं मागून "मास्तर, उडा" म्हणून ओरडायची तेव्हा तुम्ही चालीत फरक पडू द्यायचा नाहीत. मला मात्र लाज वाटायची.

एकदा मी म्हटलं होतं, मी फोडते नारळ, तुम्ही बसा आणि एकदाचं काय ते होऊ द्या. तुम्ही हसलात. "तू फोडलास तर ते घरचंच झालं." घरचंच तर होतं ना हो?

कालचं सांगते. किल्ल्याच्या अलीकडच्या त्याच सड्यावर विमान नेऊन ठेवलं होतं. त्यांच्या मेकॅनिकने सबंध दोन दिवस खपून इंजीन सुरू केलं. खोकलं, थांबलं, आणि मग असं लागलं की कातळ हादरत होता. आत बसायला पेंढा भरलेला माणूस केला होता, कोट-टोपी घातलेला. त्यांची नटी छत्रीखाली बसली होती. तुमची ती नव्हे, नवी पोरगी आहे. मी जवळ गेले. माझं बोडकं कपाळ बघून तीच आधी उठून उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, ह्याला एक नारळ फोडाल?"

"ह्यात विचारायचं काय?" म्हणाली, आणि पदर खोचून फोडलान. एका घावात. शेंड्याकडचं खोबरं माझ्या हातावर ठेवलंन. इतकं सोपं होतं ते! माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

मग माणसांनी हात सोडले. विमान आपलं आपण धावायला लागलं, चांगलं जोरात. भिकू माझ्या बाजूला उभा होता, तो विमानाकडे बघत पुटपुटत होता, "उचल, बाय, उचल." कड्यापर्यंत गेलं आणि नांगर टाकावा तसं सरळ खाली गेलं. क्षणभरसुद्धा तरंगलं नाही. खाली खडकांवर नुसत्या फळ्या आणि तो कोट. मॅनेजर खूश झाला, टाळ्या पडल्या. भिकू मान खाली घालून घरी गेला.

मी तिथेच खाली बसले. अहो, तुमची ती नटी तेव्हा आली असती तर?

तुम्ही चष्मा चढवून आत बसला असतात. मी लाडवांचं ताट घेऊन उभी असते. इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिच्यापायी माझ्या माणसाचं हसं झालं असं म्हणत राहिले. आणि तिने उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी शाळेतून घरी येत होतात. भात निवला म्हणून कुरकुरत होतात. मला हे कधी सुचलंच नाही.

एक विचारू? तुम्हाला आतून ठाऊक होतं का? म्हणूनच अशी निवडली होतीत का, की जी कधी येणारच नाही? असं असेल तर मला सांगायचं होतं. मी हसले नसते. उलट दर वर्षी लाडू आणखी मन लावून वळले असते.

ते कळायला आता काही मार्ग नाही. पण एक शब्द देते. गावात विचारायला लागलेतच, मास्तरांचं विमान उडलं असतं का म्हणून. मी तुमची बाजू घेऊन खोटं बोलणार नाही. नसतं उडलं, असं सरळ सांगीन. आणि मग इतकी वर्षं मास्तरांनी केलं तरी काय, असं कुणी विचारलं, तर सांगीन, माझ्याजवळ राहिले.

तुमची,
सरस्वती