कात्रणातला शेवटचा परिच्छेद

आसेगाव, १८ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीपा हिस,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आनंद फोनवर मावत नाही, म्हणून शेतातल्या निंदणातून सवड मिळताच कागद घेतला. रक्ताच्या कर्करोगावरचा तुझा लेख परदेशी मासिकात आल्याची बातमी इथल्या पेपरात फोटोसकट छापून आली. फोटोत चिडलेली दिसतेस. तुझी आई असती तर तिच्यावरच गेलीस म्हणालो असतो.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसला. विहारात तीन महिने रोज संध्याकाळी होणारं ग्रंथवाचन माझ्याकडेच असतं. त्या दिवशी ग्रंथ मिटल्यावर तेच कात्रण माईकवर वाचलं. कर्करोगाची गोळी आता बंद करता येते, हे ऐकून टाळ्याच टाळ्या! भागिरथाआत्याने तर दुसऱ्याच दिवशी त्याच रोगावरची आपली गोळी सोडली. सहा वर्षांत पहिल्यांदा पायात गोळे येणं थांबलं, मळमळ गेली, दोन भाकरी जेवते. पोरीने नाव काढलं.

तुझा आमच्यावर जीव आहेच, तो पत्रातूनही कळव.

तुझा बाबा,
देवमन

पुणे, २३ ऑगस्ट २०२५

ति. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. लगेच फोन केला, तर तुम्ही दोघांनी नुसतं हो हो केलं. तुमचं हो हो मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून हे आत्याला मोठ्याने वाचून दाखवा.

माझ्या लेखात चौऱ्याऐंशी रुग्ण आहेत. त्यांच्या रक्तात रोगाचा मागमूसही कित्येक वर्षं सापडला नव्हता. त्यांची गोळी आम्ही थांबवली आणि दर महिन्याला रक्त तपासलं. तरीही चाळीस जणांचा रोग परतला. लगेच कळलं म्हणून ते वाचले. आत्याचा रोग गोळीने नुसता दाबून धरला होता, तो गेलेला नाही. तिने आजच गोळी सुरू करायला हवी. शेजारची मंजुषाताई तिला वाशिमला नेऊन तिचं रक्त तपासायला देईल, तसं मी बोलले आहे.

बातमीत शेवटचा परिच्छेद मी हट्टाने घालून घेतला होता, की स्वतःच्या मनाने कोणीही गोळी थांबवू नये. तो तुम्ही वाचला नाहीत का? आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. माझ्याच लेखाने तिचं काही झालं तर मी पुन्हा लिहिणार नाही.

रागावले आहे, तरी माया आहेच.

आपली,
दीपा

आसेगाव, १ सप्टेंबर २०२५

चि. दीपास, अ. आ.

मंजुषाने भागिरथाबाईचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट तुझ्याकडेच येईल.

बाई गोळी घेत नाही. मी वाचून दाखवलं, हात जोडले. तिचं एकच, की पोरीनं लिहिलं अन् विहारात वाचलं, ते खोटं कसं असंल, तूच मले भेवाडून राह्यला. सकाळी घेतली म्हणाली, ती गोळी मला चुलीच्या राखेत सापडली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळत होतो. शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही. खीर आली होती, माणसं उठायला लागली होती. पण खरं कारण ते नाही. त्याने तुझं यश कमी वाटलं असतं, म्हणून मी कागदाची घडी घातली. मला माफ कर.

देवमन

पुणे, ९ सप्टेंबर २०२५

ति. बाबांस, सविनय जयभीम.

रिपोर्ट आला. एक टक्क्यावर असलेला रक्तातल्या रोगाचा आकडा बारावर गेला आहे. अजून त्याच गोळीने आवरेल. पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही.

ती तुमचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, पण विहाराचं ऐकते. मग तिथेच वाचा. तोच माईक, तोच परिच्छेद, आणि तो का गाळला तेही सांगा. तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे. उशीर करू नका.

दीपा

आसेगाव, ११ जानेवारी २०२६

दीपाले भागिरथाआत्याचा लई लई जयभीम.

मी सांगून राह्यली, मंजुषा लिहून राह्यली. तुह्या बापानं साऱ्या गावासमोर वाचलं. वाचता वाचता रडला. असा तो तुही माय गेली तवाच रडला होता. मंग मी भाकरीचा तुकडा मागतला अन् तिथंच बसून गोळी घेतली. रोज तिथंच घेतली. वर्षावास सरला, ग्रंथ मिटला, तरी तुहा बाप सांज झाली का माईक लावते अन् एकच वाक्य वाचते, बाई, गोळी. सारं गाव हासते. पायाले गोळे येते, येऊ दे. परवाचा आकडा एकाच्या खाली आला, तुले कळलाच असंल.

त्या चौऱ्याऐंशीत मी नाही, हे आता समजलं. मले वाटलं होतं, आपल्या दीपानं माह्यासाठीच लिहिलं. म्हणून सोडली होती वं.

आता लिहिशील तवा शेवटचा परिच्छेद पयले लिही. मंग खीर आली तरी चालते.

जीव लावते तशीच लावत राह्य.

तुही आत्या