फरशीखालची खडी

बाई, आम्ही घर घेतलं. आयर्लंडमध्ये, नावन नावाच्या गावात, डब्लिनहून बसने तासाभराच्या अंतरावर. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली, हे पत्र पाठवायला पत्ताही नाही, तरी या घराची हकीकत आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते. कारण मधल्या एका दुपारी तुमची आठवण मला अगदी नको असताना आली आणि तिने माझा सगळा बेत मोडला. किल्ल्या काल मिळाल्या. सामान अजून यायचंय. मी रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहितेय. नवरा वर मुलीच्या खोलीत पडद्याचा दांडा बसवतोय आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी खाली पाडतोय.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. इथे बांधायचंही नव्हतं, नुसतं विकत घ्यायचं होतं, तरी दोन वर्षं गेली. दर शनिवारी कुणाच्या तरी घरात सवयीने बूट काढून शिरायचं, एजंटने आमच्या मोज्यांकडे बघून हसायचं, आम्ही बोली लावायची आणि हरायचं. अशी पाच घरं गेली. त्यात आम्ही भाड्याने राहत होतो ते घर मालकाने विकायला काढलं आणि आम्हाला निघायची मुदत दिली. मुलीची शाळा इथली, तिच्या मैत्रिणी इथल्या, आणि गावात भाड्याने दुसरं घर मिळेना. तेवढ्यात हे दिसलं. वीसेक वर्षांचं, एका अंगाने शेजाऱ्यांना चिकटलेलं, मागे गवताचा तुकडा आणि त्यात एक वाकडं सफरचंदाचं झाड. मी दारातच ठरवून टाकलं. आमची बोली मान्य झाली. आता सर्व्हेअर येऊन घर तपासणार, मग करारावर सही, एवढंच राहिलं होतं.

सर्व्हेअर साठीचा, अबोल माणूस. त्याचा तीस पानी अहवाल मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचला. पन्हळीत पाला अडकलाय, माळ्यावरचं ऊब धरणारं अस्तर पातळ आहे, न्हाणीघरातला पंखा मेलाय. असली दुखणी मी हसत वाचली. मग सव्विसाव्या पानावर एक परिच्छेद होता. हॉलच्या जमिनीला केसासारख्या भेगा आहेत, स्वयंपाकघराच्या दारापाशी जमीन किंचित फुगल्यासारखी वाटते, दार खाली घासतं. या भागात त्या काळी बांधलेल्या काही घरांच्या फरशीखाली वाईट खडी भरली गेली. ओल लागली की ती खडी फुगते आणि जमीन वर उचलते. तेव्हा सहीच्या आधी फरशीला भोक पाडून खालची खडी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. तसं निघालंच तर अख्खी जमीन उकरावी लागते, घर महिनोन्‌महिने रिकामं करावं लागतं. माझा डबा तसाच राहिला.

एजंट फोनवर हसली. "युअर मॅन काय, पुढे अंगाशी येऊ नये म्हणून सगळ्यांनाच तसं लिहून देतो," ती म्हणाली. समोर नसलेल्या माणसाला इथे असंच 'युअर मॅन' म्हणतात. "घर ग्रँड आहे. आणि सांगून ठेवते, दुसरं एक जोडपं वाट बघत थांबलंय." मला हेच ऐकायचं होतं. घरी येऊन मी मोठा तक्ता मांडला. शाळा किती जवळ, बस किती जवळ, ऊन किती येतं, झाड आहे का. प्रत्येकाला गुण, आणि अहवालातल्या दोषांना उणे गुण. बेरीज घर घेऊ नका असं म्हणायला लागली, की मी भेगांचे उणे गुण कमी करायचे आणि सफरचंदाचे वाढवायचे. आधी कळस मग पाया. मी पोटासाठी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, बाई. दिवसभर लोकांना सांगते की तुमचं काम नीट झालेलं नाही. आणि घरी हे धंदे.

पुढच्या शनिवारी आम्ही घर पुन्हा बघायला गेलो. नवऱ्याने मुलीच्या खेळातली एक काचेची गोटी खिशातून आणली होती. हॉलमध्ये उकिडवा बसून त्याने ती दारापाशी ठेवली. गोटी जरा थांबली आणि निघाली. मी बाजूलाच उभी होते. मी एजंटशी पडद्यांबद्दल बोलत बोलत पाय सरकवला आणि गोटी माझ्या मोज्याला लागून थांबली. नवऱ्याने वर बघितलं, गोटी उचलली, खिशात टाकली. आम्ही निघालो आणि गाडी पहिल्या चौकाशी आली.

"अगं, तू पाय घातलास."

"कुठे?"

"गोटीला. मी बघितलं ना यार."

"चुकून लागला असेल."

त्याने गाडीतला हीटर वाढवला आणि विषय सोडला. आणि तिथे, त्या चौकात, सिग्नलला थांबलेलो असताना, तुम्ही आलात.

नववीचा वर्ग, शाळेची प्रयोगशाळा. दहा टेबलं, दहा स्पिरिटचे दिवे, दहा थर्मामीटर. पाण्याचा उत्कलनांक काढायचाय. पाणी खदखदतंय आणि आमच्या टेबलावरचा पारा अठ्ठ्याण्णवावर जाऊन बसलाय, हलायला तयार नाही. मी वहीत पेन्सिलीने अठ्ठ्याण्णव लिहिते. मग पुस्तक आठवतं. मी खोडरबर काढते, नीट पुसते आणि शंभर लिहिते. तुम्ही सगळ्या वह्या गोळा करता, चाळता, आणि चष्मा कपाळावर सरकवता. "दहा टेबलं आणि दहाही शंभर? मी मागून फिरत होते. एकाही टेबलावर पारा अठ्ठ्याण्णवाच्या वर गेला नाही." मग तुम्ही नेमकं मला उभं करता. मी म्हणते, "बाई, पुस्तकात शंभर आहे." तुम्ही म्हणता, "मग पुस्तक उकळत होतं का इथे?" सगळ्या हसतात. तुम्ही हसत नाही. वही दिव्यापुढे धरून पुसलेली जागा बघता आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "बाकीच्यांनी बघितलंच नाही. तू बघितलंस आणि खोडलंस. तुझं जास्त वाईट."

मला तुमचा इतका राग आला होता की मी चार दिवस तुमच्या तासाला मान वर केली नाही. रविवारी तुम्ही निरोप पाठवून घरी बोलावलंत. तुमचं ते अरुंद स्वयंपाकघर, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, गॅसवर पातेलं. डावाला दोऱ्याने बांधलेला थर्मामीटर तुम्ही पाण्यात सोडलात आणि आपण दोघी वाफेत तोंड घालून बघत राहिलो. अठ्ठ्याण्णव. पुणं समुद्रापासून उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत, साबुदाण्याची खिचडी वाढता वाढता. "आधी दिसलं ते लिहायचं," तुम्ही म्हणालात, "मग पुस्तकाशी भांडायचं. लिंबू पिळू?"

तर नावनच्या त्या सिग्नलला मी नवऱ्याला म्हटलं, "हो. मुद्दाम घातला पाय." त्याने गाडी बाजूला घेतली. चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मलाही हेच घर पाहिजे गं. पण जमीन वर आली ना, तर मतलब आपण जायचं कुठे?" आम्ही तिथूनच एजंटला कळवलं की खडी तपासल्याशिवाय सही नाही. ती वैतागली, त्या दुसऱ्या जोडप्याची आठवण पुन्हा करून दिली. पण घराचे म्हातारे मालक, जे आता स्लायगोला मुलीकडे राहतात, ते म्हणाले, पाडा भोकं, मलाही एकदा कळू दे. दोन माणसं आली, हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघरात एक भोक पाडून खडी पिशवीत भरून घेऊन गेली. मग तीन आठवडे काही नाही. भाड्याच्या घराची मुदत जवळ येत होती. मुलगी रोज जेवताना विचारायची, "सो आर वी गेटिंग द हाउस ऑर नॉट?" आणि आम्ही दोघंही वरणाकडे बघायचो.

निकालाचा फोन सर्व्हेअरने स्वतः केला, सकाळी दहाला, मी ऑफिसात असताना. मोजून चार वाक्यं बोलला. दगड चांगला आहे. भेगा वरचं सिमेंट वाळतानाच्या आहेत. जमिनीला उतार आहे तो बांधतानाचाच, त्याने काही बिघडत नाही. दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झालाय, तेवढा आवळून घ्या. मी थँक यू म्हणायचं विसरले. कँटीनमध्ये जाऊन खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडले. जीव भांड्यात पडला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. अजूनही मधेच आठवतं आणि खांदे सैल होतात. आज सकाळी हॉलमध्ये बुजवलेल्या भोकावर मी अनवाणी उभी राहिले. बराच वेळ.

ही गोष्ट इथे संपवली असती तर तुम्ही खूश झाला असतात. विद्यार्थिनी शहाणी झाली असं तुम्हाला वाटलं असतं. पण दिसलं ते लिहायचं, म्हणून लिहिते. फोन यायच्या आदल्या दुपारी मी आमच्या वकिलाला एक मेल लिहून ठेवली होती. निकाल काहीही येवो, आम्ही सही करतोय, कागद तयार ठेवा. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, अजूनही नाही. ती मेल मी पाठवली नाही, पण पुसलीही नाही. सकाळी फोन वाजला तेव्हा बोट तिच्यावरच होतं. परीक्षा घराची झाली, बाई, आणि घर पास झालं. माझी राहूनच गेली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं ते जास्त त्याचंच.