एकट्याची रांग

विश्रामबाग, सांगली
९ फेब्रुवारी २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

चार ओळी लिहिल्या तोवर हात अवघडला. पेपर सोडून पेन धरायची सवयच राहिली नाही. पण घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यावर तुम्ही दवाखान्यात पाटीवर लिहिलं होतं, की मोबाईलवर टिचक्या मारत बापलेकानं बोलायचं नाही. फौजेत सारा संसार पत्रांवर झाला, आताही होईल. म्हणून लिहितोय. गळ्याचं भोक रोज साफ करता ना? धोंडुबाई मावशी डबा आणतात का, की तुम्ही हातानंच नको म्हणून त्यांना परत पाठवता?

माझं बरं चाललंय, आणि त्याला कारण खोलीतला आर्जव मगदूम. समडोळीचा आहे, वडिलांचं खत-बियाणांचं दुकान आहे. जैनाघरचा, दिवस मावळायच्या आत जेवतो, त्यामुळे मेसवाला त्याचं ताट आधी वाढतो आणि त्याच्या आडून माझंही. मेसची आमटी पातळ असते. तर आर्जव रोज फळ्यावर तिची पातळी लिहितो, आयर्विन पुलावर पुराची लिहितात तशी. काल आमटीनं इशारा पातळी ओलांडली आणि मेसवाल्यानं आम्हाला भांडी घासायला लावली.

परवा तर कहर झाला. कॉलेजात तळमजल्याला एक खोली कायम कुलूपबंद असते. आम्ही दोघं तिच्यापुढे रांगेत उभे राहिलो, बाकी काही नाही. थोड्या वेळात मागे मुलं उभी राहू लागली. कशाची रांग, कुणी विचारलं नाही. शेवटी एक सरच येऊन उभे राहिले आणि रांग पुढे का सरकत नाही म्हणून आमच्यावरच चिडले. साहेब जेवायला गेलेत, असं आर्जवनं त्यांना सांगितलं, तेही तोंडावरची माशी हलू न देता.

तुम्ही रागवाल, पण हसालही असं वाटलं. तब्येतीचं लिहा.

तुमचा लोभ आहेच, तो वाढता ठेवा.
आपला,
शिवतेज


गोडोली, सातारा
१७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवतेज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. रांग दिसली की फौजी माणूस आधी उभा राहतो आणि मग विचारतो, त्यामुळे तुमच्या सरांना मी दोष देणार नाही. तुम्हा दोघांना मात्र मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. अभ्यास कर. आमटीची पातळी कोणी पेपरात विचारत नाही. त्या मगदुमालाही हे सांग.

माझे ठीक. भोक साफ करतो. धोंडुबाई डबा ठेवते, दाराशी उभी राहून आपणच बोलते आणि जाते. सकाळी मैदानावर आमची रिटायर मंडळी जमतात, गुंडा जाधव रोज निरोप धाडतो. मी जात नाही. थंडी आहे.

तुझी आई गेल्यावर घरात बोलायला कोणी नाही म्हणून मी कुरकुर करायचो. आता तीही सोय गेली, कारण बोलणाराच उरला नाही. हे चेष्टेने लिहिले आहे, मनावर घेऊ नये.

खाण्याची आबाळ करू नकोस. असाच लिहीत राहा.
तुझा,
आण्णा


सांगली
१६ मार्च २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

थंडी जाऊन ऊन तापायला लागलं. आता मैदानावर जाता का?

हे पत्र लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. आर्जवनं नवा खेळ काढला. दिवसभर तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि गणपती पेठेत जाऊन बाजार करायचा. आधी बोलेल त्यानं दुसऱ्याचं ओझं होस्टेलपर्यंत वाहायचं. मी त्याला तुमच्या ऑपरेशनचं कधी सांगितलं नव्हतं. का ते मला माहीत नाही. तेव्हाही सांगितलं नाही. खेळायला गेलो.

सुरुवातीला लय मजा आली. मला कंगवा हवा होता, मी डोक्यावरून हात फिरवला, तर दुकानदारानं उवांचं औषध काढून दिलं. आर्जव भिंतीकडं तोंड करून हसत होता. पुढच्या दुकानात मालक आमच्याशी ओरडून बोलायला लागला. आम्ही मुके, तर ठार बहिरे पण असणार असं त्यानं धरलं. एका केळीवाल्या मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि केळ्यांची फणी फुकट हातात दिली. तिथून पुढे मजा कमी होत गेली. बसमध्ये पाय पडला म्हणून एकानं मला झापलं, मला चूक झाली म्हणता येईना. तो शेजारच्याला म्हणाला, ह्याला काय कळत न्हाई वाटतं. मी समोर उभा होतो आण्णा, आणि तो माझ्याबद्दल शेजारच्याला सांगत होता.

तिथं मी बोललो आणि हरलो. खोलीवर आल्यावर आर्जवला तुमचं सगळं सांगितलं. तो म्हणाला की, हे तू वडलांना लिहायलाच पायजे गड्या. म्हणून विचारतो. तुम्ही मैदानावर जात नाही ते थंडीमुळे नाही ना?

राग आला तर तोही लिहून पाठवा.
आपला,
शिवतेज


सातारा
२ एप्रिल २०२५

चि. शिवतेज यास,
अनेक आशीर्वाद.

राग आला होता. उत्तर लिहिले आणि फाडून टाकले. आता शांत झालो आहे.

थंडीमुळे नव्हते. ऑपरेशननंतर एकदाच गेलो होतो. गुंडा माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने चहा मागवला आणि माझ्या शेजारी बसलेल्याला विचारले, साहेबांना साखर चालती का. वाईट हेतूने नाही. मी तिथेच होतो, मान हलवू शकत होतो. पण मला कोणी विचारले नाही. चहा तसाच ठेवून आलो.

तुला ठाऊक आहे, मी ड्रिलचा उस्ताद होतो. माझी एक आरोळी मैदानाच्या त्या टोकाला पोचायची आणि शेकडो पाय एकदम थांबायचे. माझा हुद्दा खांद्यावर कमी आणि गळ्यात जास्त होता. डॉक्टरांनी तो काढून घेतला, जीव वाचवला. तक्रार नाही. पण आता रस्त्यात कुत्रे अंगावर आले तरी मला हाड म्हणता येत नाही.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. तुमच्या त्या उनाड खेळाने निघाले. मगदुमाला माझा आशीर्वाद कळव. परीक्षा जवळ आली, दोघांनी आता शहाण्यासारखे वागावे.

तुझा,
आण्णा


सांगली
२० जुलै २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. मी सगळ्या विषयांत सुटलो, तुमचा आशीर्वाद. आर्जवचे इतके विषय राहिले की त्याला पुढच्या वर्गात घेत नाहीत, वर्ष गेलं. मी घरी गेलो होतो तेव्हा तो येऊन सामान घेऊन गेला. मी परतलो तर त्याच्या कॉटवर नुसती गादी.

फोन उचलत नाही. गेल्या रविवारी समडोळीला गेलो. त्याची आई सुरेखाकाकू दारात आल्या, म्हणाल्या तो शेतावर गेलाय. त्याची चप्पल उंबऱ्याशीच होती. मी ती बघितली आणि त्यांनी मला बघताना बघितलं. पाणी पिऊन परत आलो.

आम्ही सारखेच उंडारलो, आण्णा. मी पहाटे उठून वाचायचो, त्याला ते जमायचं नाही, एवढाच फरक. आता वर्गात साठ मुलं आहेत, पण कुणाकडं बघून हसावं असं कुणी नाही. काल त्या कुलूपबंद खोलीपुढे जाऊन मी एकटाच उभा राहिलो. मुलं बाजूनं निघून गेली. एकट्याची रांग होत नाही.

तुम्हाला त्रास द्यायला लिहीत नाही. तुमच्याशिवाय कुणाला लिहू?

आपला,
शिवतेज


सातारा
१० ऑगस्ट २०२५

चि. शिवतेज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी समडोळीला जाऊन आलो. तुला विचारले नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

एसटीत कंडक्टरला गावाचे नाव लिहिलेला कागद दाखवला. तो ओरडून बोलला, मी बोलू दिले. सांगलीला गाडी बदलली. दुकान सहज सापडले. गल्ल्यावर एक उंच, दाढी न केलेला पोरगा बसला होता. मी कोण ते सांगितले नाही. काहीतरी मागायला हवे म्हणून दोडक्याचे बी मागितले. आता दोडका हातांनी कसा दाखवायचा ते तूच सांग. मी लांबी दाखवली, त्याने पडवळाचे पाकीट काढले. मी मान हलवली, तर दुधीचे काढले. मग मी नखाने हवेत शिरा ओढल्या. तो ओरडला नाही, घाई केली नाही, शेजाऱ्याला काही विचारले नाही. माझ्या तोंडाकडे नीट बघत थांबला आणि दोडक्याचे पाकीट समोर ठेवले. मग त्याची नजर गळ्याचे भोक झाकायला गुंडाळलेल्या माझ्या मफलरवर गेली. गल्ल्यावरून उठला आणि माझ्या पाया पडला.

दुपारभर आम्ही दुकानामागच्या पोत्यांवर बसलो. तो बोलत होता. आई त्याला समजावते, वडील टोचतात, आला-गेला शहाणपण शिकवतो. मला ह्यातले काहीच करता येत नव्हते, म्हणून बहुधा तो बोलू शकला. मध्ये एकदा रडला. मी पाठीवर हात ठेवला. जन्मभर पोरांना सरळ उभे राहायला ओरडून शिकवले. नुसते बसून ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तुझ्याही वेळी नाही.

तो काय म्हणाला ते तुला सांगणार नाही, तसा त्याला शब्द दिला आहे. एवढेच लिहितो, तुझ्यावर राग नाही. तुझ्यासमोर उभे राहायची लाज आहे. राहिलेले विषय पुन्हा देणार की दुकानातच बसणार, हे त्याचे त्याला अजून ठरत नाही. तू त्याबद्दल विचारू नकोस. रविवारी वडील जैन बस्तीत दर्शनाला जातात तेव्हा दुकानात तो एकटा असतो. जा आणि गप्प बस.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. ऊस माजला आहे, पाऊस उघडला होता. दुकानातले सगळे कोणाला तरी सांगावे असे फार वाटले. शेजारी एक भला माणूस होता, पण त्याला झोप लागली होती. घरी आलो, कुलूप काढले, दिवा लावला. धोंडुबाईचा डबा पायरीवर होता, गार झालेला. तो तसाच खाल्ला आणि हे लिहायला बसलो.

उद्या सकाळी मैदानावर जाईन म्हणतो. गुंडाने पुन्हा दुसऱ्या कोणाला साखरेचे विचारले, तर त्याची बाही धरून त्याला माझ्याकडे वळवीन.

प्रकृतीला जप. लोभ आहे, तो कमी होणार नाही.
तुझा,
आण्णा