मेंढराच्या पाठीइतकी उंची

माय, दादा जेवत नाही. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मागून. उन्हाळ्यात मेंढरांसाठी शेंगा पाडायला तो बाभळीवर चढला, फांदी मोडली आणि पाठीवर आला. संभाजीनगरच्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. आता तो केदारखेड्याच्या घरात, तू झोपायचीस त्याच कोपऱ्यात, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. वहिनी ताट आणते, तो हाताने सरकवतो. डॉक्टर म्हणतात, शरीर टिकेल, पण माणसाने मनावर घेतलं पाहिजे. हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो ते मला कळलं नाही, पण मी मान हलवली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मी घाबरलोय, माय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, घरात विचारावं असं मोठं माणूस कुणी उरलं नाही, म्हणून लोखंडाच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत हे तुला रोज थोडं थोडं लिहितोय. विचारायचं एवढंच, की दादासाठी गाडी विकत घेऊ की बनवू.

कसली गाडी, ते सांगायला हवं. साहेब लोकांचा गोल्फ नावाचा एक खेळ असतो. मोठ्या हिरवळीवर काठीने चेंडू लांब मारायचा आणि मग त्याच्यामागे जायचं. चालायचा कंटाळा, म्हणून बॅटरीवरची एक छोटी गाडी असते. तिला दारं नसतात, वर छत असतं आणि आवाज जवळजवळ नसतोच. एवढी हिरवळ आणि तिच्यावर एकही जित्राब चरत नाही, हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. आपल्या जालन्यात गोल्फ कुठला आलाय, पण लग्नाच्या लॉनवाल्यांनी ह्या गाड्या आणल्यात. नवरा-नवरीला फाटकापासून स्टेजपर्यंत मिरवत आणतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना परत पोचवतात. मिलमधल्या एकाच्या मुलीच्या लग्नात मी ती पहिल्यांदा जवळून पाहिली. नवरी उतरली आणि रिकाम्या सीटवर मला दादा दिसला, खांद्यावर घोंगडी, पुढे मेंढरं. मी हातातलं ताट तिथेच ठेवलं आणि वाकून गाडीची चासी बघायला लागलो. लोकांना वाटलं माझं काहीतरी पडलं, दोघं-तिघं माझ्याबरोबर शोधायलाही लागले.

चाकाची खुर्ची आम्ही आधीच आणली होती. ती अंगणातल्या फरशीपर्यंत चालते, पुढे आपली काळी जमीन. एकदा बांधापर्यंत ढकलत नेली तर रुतून बसली आणि चार माणसांनी त्याला खुर्चीसकट उचलून आणलं. तेव्हा तो म्हणाला, ‘‘मला पुन्हा हिच्यात बसवू नको. लोकं बघून राह्यले.’’ त्यानंतर त्याने उठून बसणंही सोडलं. कळप वहिनी सांभाळते. सकाळी भाकरी बांधून गायरानात जाते, संध्याकाळी येऊन त्याची अंघोळ, अंथरूण, सगळं करते. मला म्हणाली, ‘‘भावजी, मेंढरं मी पाहीन, मरंस्तवर पाहीन. पर ह्या मानसानं भिंतीकडंच तोंड केलं तं मी कोनाशी बोलू?’’ ती रडली नाही. तिला रडायला सवडच नाही.

तू मला शिकायला जालन्याला पाठवलंस आणि दादाला मेंढरांत ठेवलंस. त्याबद्दल आम्ही दोघं कधी भांडलो नाही, पण तुझ्याकडून जे त्याला मिळालं ते मला मिळालं नाही, एवढं खरं. सुट्टीत आलो की मी बघायचो. दिवस मावळताना नदीकाठच्या कुणाच्या तरी रानात मेंढरं कोंडायला वाघूर लावलेलं असायचं, त्या जाळीच्या तोंडाशी तुम्ही दोघं दोन बाजूंना खाली बसायचात आणि मेंढरं तुमच्या मधून आत जायची. प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरायचा. तुला हाताला कळायचं, कोणती तापली आहे, कुणाचं पोट भरलं नाही, कोणती गाभण राहिली. तू दादाला म्हणायचीस, ‘‘डोळ्यानं न्हाई, हातानं पाह्य.’’ एकदा मी जल्दी व्हावी म्हणून एका मेंढीला पायाने ढकललं. चुलीवर भाकरी थापता थापता तू उठलीस, पिठाच्या हातानेच माझा कान धरलास. ‘‘पायानं? हात काह्याला देल्ला तुला देवानं?’’ कानाला लागलेलं पीठ मी झोपेपर्यंत पुसलं नाही. रागही आला होता आणि तू मला हात लावलास याचं बरंही वाटत होतं, कारण तुझा हात सगळा दिवस मेंढरांच्याच वाट्याला असायचा.

तर गाडीचं. बायपासवरचा एक लॉनवाला त्याची जुनी गाडी द्यायला तयार आहे. पैशाचं मी बघतो, ते तू मनावर घेऊ नकोस. विकत घेतली तर आठवड्यात दारात उभी राहील. ब्रेक आणि वेग पायाने चालतात, ते हातावर घेता येतील. पण तिची चाकं हिरवळीची, लहान. काळ्या रानात चालायची तर मोठी चाकं लावावी लागतील, म्हणजे गाडी आणखी उंच होणार. बनवायची म्हटलं तर ई-रिक्षाची मोटर आहे, चौकोनी पाइप आहे, छोट्या ट्रॅक्टरची चाकं मिळतील, मिलच्या वर्कशॉपमध्ये रविवारी काम करायची परवानगीही मालकाने दिली आहे. पण दिवाळीच्या आत होत नाही. आणि नांगरलेल्या सरीत ती कलंडली तर? पाय असलेला माणूस उडी मारतो. दादा माझ्या हातच्या गाडीखाली सापडेल. आमचा फिटर म्हणतो, ‘‘फोरमनसाहेब, इकतची घेऊन टाका. कंपनीचा माल आहे, जोखीम न्हाई.’’ तोच चहा झाल्यावर म्हणतो, ‘‘पर आपन बनवली तं बराबर त्याच्या मापाची व्हईल.’’ मी दिवसातून चार वेळा ठरवतो आणि चार वेळा मोडतो. मिलमध्ये तापलेल्या लोखंडाची लाल पट्टी समोरून जात असते आणि मला त्यात सीट दिसते. परवा एकाने हाक मारली नसती तर माझा हात भाजला असता.

मधे बरेच दिवस लिहिणं राहिलं, तेवढ्यात बरंच घडलं. शेवटी लॉनवाल्याला म्हटलं, बघायला तरी एकदा दे. तो भला माणूस, एका रविवारी टेम्पोत घालून गाडी केदारखेड्याला आणली. आदल्या रात्रीच्या लग्नाची फुलं तशीच होती, गाडीच्या खालच्या झालरीला अडकवलेली. आम्ही दादाला उचलून बसवलं, छातीला आणि कमरेला पट्टे बांधले. तो नको म्हणाला नाही. हळूहळू गायरानापर्यंत गेलो. मेंढरं आधी बिचकली, मग एक पुढे आली आणि झालरीचं फूल ओढून चावायला लागली, तिच्या पाठोपाठ दुसरी. लॉनवाला ओरडायला लागला आणि दादा हसला, माय. अपघातानंतर पहिल्यांदा. म्हणाला, ‘‘खाऊ द्या हो, त्यांच्या बी घरचं लगीन आहे.’’ वहिनीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, हीच घ्यायची. मी मनात व्यवहार पक्काही करून टाकला.

मग संध्याकाळ झाली. वहिनी वाघराच्या तोंडाशी बसली आणि तिच्या समोर, जिथे तो नेहमी बसायचा तिथे, मी गाडी लावली. मेंढरं आत जायला लागली. दादाने हात खाली सोडला. सीट उंच, बाजूला लोखंडी कठडा, पट्ट्याने आवळलेला आणि कमरेतून वाकता येत नाही. त्याचा हात मेंढरांच्या पाठीच्या वीतभर वरून फिरत राहिला. एक गेली, दुसरी गेली. त्याने पट्ट्याला जोर दिला, मान वाकडी केली, बोटं लांबवली. एकाही मेंढीला लागला नाही. सगळा कळप त्याच्या हाताखालून निघून गेला आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्याने हात उचलून मांडीवर ठेवला. ‘‘न्या मला घरी,’’ म्हणाला. त्या दिवसापासून त्याने पाण्याचा तांब्याही सरकवायला सुरुवात केली.

मी चिडलो, माय. मनातल्या मनात त्याला वाटेल ते बोललो. वाटलं, ह्याला हात लागायचाच पडलाय, इथे आम्ही सगळे मरतोय त्याचं काही नाही. मग जालन्यात मस्तगडला घरी परत येताना मोटरसायकल कडेला थांबवली आणि कळलं, की मी चाकं, मोटर, उतार, सगळ्यांची मापं घेतली, पण गाडीत बसून तो करणार काय, हे विचारलंच नाही. मग आपोआपच ठरलं. बनवायचीच. चालताना उंच राहणारी आणि थांबली की हातातल्या दांड्याने सीट खाली उतरणारी, मेंढराच्या पाठीपाशी. असली गाडी कुठलीच कंपनी करत नाही, कारण गोल्फवाल्यांना खाली हात घालायची गरज पडत नाही. चेंडू उचलायला त्यांचा माणूस असतो.

पण दिवाळी लांब होती आणि वहिनीचा फोन आला, दादा पाणीसुद्धा घेत नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो. दूध-भाकरी कुस्करून त्याच्या उशाशी बसलो. तो भिंतीकडेच बघत होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘दादा, रात्री माय आल्ती सपनात.’’ तो वळला. माय, तो खरंच वळला. ‘‘काय म्हनली?’’

‘‘म्हनली, गाडी इकत घेऊ नको, तूच बनव. आन त्याला म्हनाव, गाडी व्हईस्तवर अंगात ताकत ठिव. दांडा वढायला हात लागतेत.’’

त्याने अर्धी भाकरी खाल्ली. तेव्हापासून रोज सकाळी वहिनीच्या फोनवरून त्याचा फोन येतो. मी मस्तगडच्या घरातून निघून एमआयडीसीच्या रस्त्याला लागलेला असतो. कडेला थांबतो, मागून टेम्पो हॉर्न मारत जातात आणि तो विचारतो, ‘‘आज काय म्हनली?’’ मी बोलतो. जे सुचेल ते बोलतो. आता तर तो तुला निरोपही पाठवतो. ‘‘मायला ईचार, सीटवर घोंगडी आथरली तं चालंल का.’’ ‘‘मायला ईचार, वरचं छत ठिवायचं का काढायचं. छताखाली मेंढरं चारनं बरं न्हाई दिसत.’’ मी दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर सांगतो, तो ऐकतो आणि मग जेवतो. तुझ्या नावावर मी त्याचा एकेक दिवस काढतोय. गाडीचं म्हणशील तर चासी जोडून झाली आहे, सीटचा दांडा मात्र अडकतो. दोनदा कापून पुन्हा जोडला, तरी उतरताना मध्येच थांबतो. फिटर म्हणतो होईल. मीही म्हणतो होईल.

काल रविवार होता. सीटच्या कामाआधी त्याला भेटून यावं म्हणून सकाळीच गेलो. वहिनीने ताट ठेवलं. त्याने त्याला हात लावला नाही, माझ्याकडे बघत विचारलं, ‘‘माय येती तं कोन्तं लुगडं नेसून येती?’’

मी विचार केला नाही. ‘‘हिरवं,’’ म्हणालो.

वहिनीचा हात थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बा गेला तेव्हा मी रांगत होतो, त्यानंतर तू हिरवं नेसली नाहीस. हिरव्यात मी तुला कधी पाहिलंच नाही. पाहिलं असेल तर दादाने. माझे कान गरम झाले, मी ताटाकडे बघत राहिलो. वाटलं, आता हा भिंतीकडे वळणार आणि पुन्हा फिरणार नाही, आणि ते मी केलेलं असणार.

त्याने ताट स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. ‘‘बरी दिसायची ती हिरव्यात,’’ म्हणाला आणि भाकरी मोडली. सगळी खाल्ली. आज सकाळी पुन्हा फोन आला, ‘‘काय म्हनली?’’ आणि मी पुन्हा सांगितलं. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, तरी आम्ही दोघं बोललो.

सुट्टी संपल्याचा भोंगा झालाय. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, टाकणारही नाही. एकच गोष्ट मी दादाला सांगू शकत नाही, ती तुला सांगतो. तू गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आली नाहीस, माय.